तीनचा फेरा

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची पुरवठा कंपनी राजस्थानच्या वाळूत होती. मी लान्सनाईक, ड्रायव्हर. माझ्याकडे पाण्याचा ट्रक आणि जोडीला माझ्याच गावचा नाईक धोंडीराम. गाव तासगाव तालुक्यातलं. मी वरच्या आळीतला, तो बौद्धवस्तीतला. गावात आमचे पाणवठे वेगळे होते. इथे आम्ही दोघं एकाच पाइपने अख्ख्या बटालियनला पाणी द्यायचो आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

सुभेदार साहेबांचा हुकूम होता, "शीशा चमकना नहीं चाहिए." उन्हात काच लकाकली की विमानाला लांबून दिसते. ट्रकला तिरपाल एक आणि काचा तीन बाजूंना. म्हणून ऊन फिरेल तसं तिरपाल सरकवायचं. आठला पूर्वेकडच्या काचेवर, बाराला पुढच्या, तीनला पश्चिमेकडच्या. आठ आणि बारा धोंडीरामकडे. तीनचा फेरा माझा.

त्या दुपारी मी खंदकात घरी पत्र लिहीत बसलो होतो. घड्याळाकडे लक्षच नव्हतं. धोंडीराम उठला. "लिव रं गड्या, मी सरकवून येतो," म्हणाला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. विमान आलं, एकदा वळलं आणि गेलं. ट्रक जळाला. धोंडीराम ट्रकाजवळच होता.

साहेबांनी विचारलं, ड्यूटी कोणाची होती? मी म्हणालो, दोघांची. ते खोटं होतं. काच आधीच चमकली होती, की विमान तसंही येणारच होतं, हे मला आजही कळत नाही. गावात मात्र बातमी पोचली ती अशी, की धोंडीरामला उशीर झाला.

अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं तेव्हा मी हवालदार होऊन पेन्शनवर आलो होतो. साताऱ्याहून एक तरुण इंजिनिअर प्रयोगासाठी उन्हावर चालणारा पंप घेऊन आला. गावात वीज होती, पण पिण्याच्या विहिरीपर्यंत तार गेली नव्हती. काचेच्या प्लेटांचा संच एकच, चौकटी दोन. एक सिमेंटात पक्की बसवायची, कायम दक्षिणेकडे तोंड. दुसरी खांबावर, सूर्यामागे हाताने फिरवायची. दोन्हींतली एक गावाने ठरवायची होती. सरपंचांनी ते माझ्यावर ढकलून दिलं. फौजी आहे, यंत्रातलं कळतं म्हणे. मला ट्रकच्या इंजिनातलं कळत होतं.

इंजिनिअरने कोन सांगितले, ढगाळ दिवस सांगितले, माझं डोकं भणाणलं. सोमवारी मी फिरती म्हणालो, मंगळवारी पक्की, बुधवारी परत फिरती. एक गोष्ट तेवढी समजली. पक्क्या चौकटीचं पाणी वरच्या आळीतल्या तीन नळांवरच संपणार. फिरवली तर जास्त येईल, चौथ्या नळापर्यंत पोचेल. चौथा नळ बौद्धवस्तीत होता.

गुरुवारी मी त्याला फिरवायच्या वेळा विचारल्या. तो म्हणाला, "आठ, बारा आणि तीन."

मी म्हणालो, पक्की बसवा. माणूस विसरतो. वरच्या आळीने माना डोलावल्या. इंजिनिअर माझ्याकडे बघतच राहिला.

संध्याकाळी धोंडीरामची बायको शेवंतावैनी दारात आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आवं भावजी, मानूस विसरतो म्हनला म्हनं. कोन विसरलं?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. शत्रूसमोर असं कधी वाटलं नव्हतं.

"वैनी, तीनचा फेरा माझा हुता," मी म्हणालो. मग पत्र, घड्याळ आणि साहेबांना दिलेलं उत्तर, सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"म्हंजी त्यांची पाळी नव्हती," त्या म्हणाल्या. "सात वर्सं पोराला श्याळंत चिडवत्यात, तुझा बा उशिरा उठला म्हनून."

मी उंबऱ्याबाहेर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"फिरतीच बसवा," वैनी म्हणाल्या. "आठ आन बारा आमची वस्ती बघंल. तीनला तुमी यायचं."

दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरला फिरतीच बसवा म्हणून सांगितलं आणि पंधरा दिवसांनी चौकट उभी राहिली. पहिल्या दिवशी सगळं गाव विहिरीवर जमलं होतं. मी तीनला दहा कमी असतानाच पोचलो. वैनी पोराला घेऊन आधीच उभ्या होत्या. घड्याळ बघून बरोबर तीनला मी दांडा ओढला. प्लेटा पश्चिमेला वळल्या आणि काच लखकन चमकली. माझी नजर आपोआप आभाळात गेली. तिथे काही नव्हतं. थोड्या वेळाने वस्तीतून कोणीतरी ओरडून सांगितलं की नळाला पाणी आलं.

मी त्या पोरासमोर सावधान उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाईक धोंडीराम गेला तवा ड्यूटी माझी हुती. त्यो माझ्या जागी गेला."