वाटाण्याएवढं मलम

नाटक कंपनीत त्यांना लेपमास्तर म्हणत. नाव चेष्टेनं पडलेलं, पण ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं. रंगमंचामागच्या अरुंद खोलीत, आरशाभोवतीच्या दिव्यांच्या उकाड्यात उभं राहून त्यांनी तरुणांना म्हातारं केलं होतं, म्हाताऱ्यांना तरुण केलं होतं आणि एका गलेलठ्ठ नटाला नुसत्या गालांवरच्या सावल्यांच्या जोरावर उपाशी कवी म्हणून खपवलं होतं. रंग लावताना हात आखडता घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाक दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते पहिल्या रांगेला जरा जास्तच दिसे, पण त्याला त्यांचा नाइलाज होता.

घरी त्यांच्या हाताखाली एकच चेहरा होता, लेकीचा. लेक सोळा वर्षांची आणि ताडमाड उंच, म्हणून व्हॉलीबॉलच्या संघातल्या मुली तिला शिडी म्हणत. मागच्या वर्षी तिच्या कपाळावर बारीक दाणे उठले, मग गालांवर लाल फोड आले आणि मग जबड्याच्या कडेनं गाठी, ज्या दिसायच्या कमी आणि दुखायच्या जास्त. एका सकाळी ती दार लावून बसली आणि शाळेत जाईना. लेपमास्तरांनी पेटी उघडली आणि चहा निवायच्या आत चेहरा असा गुळगुळीत करून दिला, की पोरगी आरशासमोरून हलेना.

तेव्हापासून हा रोजचा प्रयोग झाला. सकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी स्टूल मांडायचं आणि लेप चढवायचा. रात्री तो खोबरेल चोळून उतरवायचा, नटांचा उतरवतात तसा. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ, असं मानून ते तिथे अंमळ जोरातच घासत. त्या वेळात बाप-लेकीच्या पोटभर गप्पा होत. सोळा वर्षांची मुलगी बापापाशी रोज इतका वेळ बसते, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? लेपमास्तर मनातल्या मनात त्या पुटकुळ्यांचे आभारच मानत असावेत. त्यांच्या बायकोचं घराला लागूनच लॉन्ड्रीचं दुकान होतं. डाग झाकून ठेवला की पुढे निघता निघत नाही, असं ती इस्त्री फिरवता फिरवता एक-दोनदा म्हणाली. पण कपड्यांचं शास्त्र कपड्यांपाशी, असं म्हणून मास्तरांनी ते उडवून लावलं.

मग एका संध्याकाळी लेक खेळून आली ती गप्पगप्प. बातमी तर उड्या मारण्यासारखी होती. निवडक मुलींचं मोठं शिबिर भरणार होतं, दूर डोंगरातल्या गावी, चांगलं महिनाभर, आणि त्यात हिचं नाव होतं. तिथून संघ निवडला जाणार होता. ही संधी हुकली तर पुन्हा बोलावणं येणार नाही, असं प्रशिक्षकबाईंनी बजावलं होतं. जेवताना लेकीनं सांगून टाकलं, की ती जाणार नाही. तिथे एका खोलीत सहा मुली, अंघोळीला रांग, दिवसभर घाम. आणि बाबा नाही.

आपल्यावाचून पोरीचं अडतं हे ऐकून लेपमास्तर पहिल्यांदा सुखावले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जेवण झाल्यावर त्यांनी पाहिलं, की लेक दाराशी बसून खेळाचे बूट पुसतेय, आणि नीट पुसून ते कपाटात अगदी आत ढकलून ठेवतेय. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी कापसानं आधी लेप पुसून काढला आणि दिव्याखाली भिंग धरून चेहरा पाहिला. काय काय लावता, असं विचारल्यावर मास्तरांनी आपली कारागिरी अभिमानानं सांगितली. बाईंनी स्वतःच्याच कपाळाला हात लावला.

मग त्यांनी कागदावर चित्रं काढून सगळं समजावलं. चेहऱ्यावर एकच दुखणं नव्हतं. कपाळावरचे बारीक दाणे म्हणजे तोंड बंद झालेली छिद्रं. जाड रंग आणि तेल यांनी ती आणखी बुजली होती, म्हणजे तेवढी कमाई सरळसरळ वडिलांची. नाकावरचे ठिपके मळ नव्हेतच. छिद्रात अडकलेला ऐवज हवेला लागून काळा पडतो, तो घासून जात नाही, उलट कातडी चिडते. गालांवरचे लाल, पिकलेले फोड फोडायचे नाहीत. आणि जबड्याजवळच्या गाठी खोलवरच्या, वयाबरोबर अंगात होणाऱ्या बदलांतून आलेल्या. त्यात कुणाची चूक नाही, पण त्या मागे व्रण ठेवून जातात, म्हणून त्यांना गोळ्याच हव्यात. लेप बंद. सकाळी सौम्य साबणानं तोंड धुऊन एक मलम, वर उन्हापासून जपणारं क्रीम. रात्री दुसरं मलम, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, खरा फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. शिबिर दोन महिन्यांवर होतं.

लेप बंद म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा पडला, पण मलम लावायचं काम त्यांनी आपल्याकडेच घेतलं. ट्यूबमधून वाटाणा काढला आणि बघतच राहिले. एवढ्याशात भिवईसुद्धा रंगत नाही. बाई काटकसरी दिसतात, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बारीक ब्रश घेतला, एकेका फोडावर मलमाचा चांगला थर दिला आणि कडा बोटानं अशा सुरेख मिळवून टाकल्या, की कुठून कुठवर लावलंय ते कळू नये. आठवडाभर हे चाललं. आठवडा संपता संपता पोरीचा चेहरा लालबुंद होऊन त्याचे पापुद्रे निघू लागले आणि साधं पाणी लागलं तरी आग व्हायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेला मास्तरांना बाहेरच बसवलं. आत लेकीला सांगितलं, की मलम काही दिवस थांबव, मग एक दिवसाआड लाव, आणि फोड बघून लावू नकोस. हे दिसणाऱ्या फोडांसाठी नसतं, अजून न आलेल्यांसाठी असतं.

घरी आल्यावर लेकीनं दोन्ही ट्यूबा आपल्या खणात ठेवल्या. मास्तरांनी अंदाज घेत विचारलं, निदान ते मदतीला उभे राहिले तर?

"नको. माझा चेहरा माझ्या हातांना कळतो आता," ती म्हणाली.

रागावून म्हणाली असती तर त्यांनी समजूत काढली असती. ती साधं बोलली, म्हणून जास्त लागलं.

पुढचे दिवस मास्तर घरात बदली झालेल्या कारकुनासारखे वावरले. सकाळच्या मलमात कापडाचा रंग उडवणारं औषध होतं; ते लावून लेक लवंडे, त्यानं उशांचे निळे अभ्रे पांढरे ठिपके पडून विटले. ते दारात वाळत घातले, तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर बायकोची शोभा झाली. तिनं घरातल्या सगळ्या उशांना पांढरे अभ्रे चढवले आणि नवऱ्याला ऐकवलं, की या घरात कुठे काय लावायचं हे फक्त लेकीला कळतं. लेक लेपाविना सरावाला जाऊ लागली. पहिल्या दिवशी मान खाली घालून गेली. परतली ती प्रशिक्षकबाईंवर वैतागून, कारण बाईंनी चेहऱ्याचं नावही काढलं नाही आणि सर्व्हिस चुकली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

शिबिराचा दिवस आला. कपाळ निवळलं होतं, गालांवर डाग होते आणि जबड्यावर एक गाठ मुक्काम ठोकून होती. मास्तरांनी पहाटेच खिडकीशी स्टूल मांडलं. आजच्या दिवसापुरतं, नव्या मुलींसमोर पहिल्यांदा जायचंय म्हणून, अगदी हलका हात. लेक स्टुलावर बसली. ब्रश गालापाशी आला तेव्हा तिनं त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, तुला वाईट वाटणार असेल तर लाव. माझ्यासाठी नको."

वाईट वाटलंच. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि बॅग उचलून स्टँडकडे चालू लागले. बस सुटताना त्या उघड्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. डाग न् डाग दिसत होता आणि त्यांचा जीव तिथेच, बसच्या त्या खिडकीपाशी अडकून राहिला.

चार-पाच दिवस फोन नाही. मास्तरांनी काय काय कल्पून घेतलं. मुली हसल्या असतील. पोर रडत असेल. एका नाटकाला तर ते राजाला भिवया लावायच्याच विसरले. अखेर संध्याकाळी फोन वाजला. लेक धापा टाकत बोलत होती. त्यांच्या खोलीतली एक मुलगी झोपेत गुण मोजते, जेवणाला तिखट कमी असतं, तिची उडी वाढलीय, उद्या सामना आहे. मास्तर मध्ये शिरायला फट शोधत होते. बायको लांबूनच खुणावत होती, विचारू नका. न विचारतील तर ते मास्तर कसले.

"आणि चेहरा? चेहरा कसा आहे तुझा?"

"अरे हो. थांब, बघून सांगते."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी शिडी, शिडी म्हणून हाका मारल्या, बूट पळाले, शिट्टी वाजली, चेंडूचे आवाज येऊ लागले. मास्तर फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. काय म्हणाली, असं बायकोनं विचारलं, तेव्हा त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

"बघून सांगते म्हणाली," ते म्हणाले, "आणि खेळायला गेली."