फुंकताईंचा आवाज

फुंकताईंना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. लखनौच्या विकास नगरातल्या आमच्या तपासणी केंद्रात त्यांच्या खोलीत एक चांगली गादीची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम पुठ्ठ्याच्या नळ्यांचं खोकं असायचं. चहा त्या येरझाऱ्या घालत प्यायच्या, डबा खिडकीशी उभ्यानं खायच्या. मी शेजारच्या खोलीत ईसीजी काढायची. माझं काम आडव्या झालेल्या माणसांचं, त्याला शांतता लागते. आणि भिंतीपलीकडून दिवसभर एकच गजर, "फूँकिए, फूँकिए, फूँकिए, और, और, रुकिए मत." माझा पेशंट दचकायचा आणि त्याच्याबरोबर कागदावरची रेघही दचकायची. सुरुवातीला माझं डोकं उठायचं.

त्यांचं काम फुप्फुसांची ताकद मोजण्याचं. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि मग ती पार रिकामी होईपर्यंत फुंकायला लावायचं. माणूस मध्येच थांबला की पडद्यावरची रेघ तुटते आणि सगळं फुकट जातं. त्यामुळे हे काम अर्धं यंत्राचं आणि अर्धं घशाचं. ताई पेशंटबरोबर स्वतःही फुंकायच्या, कमरेत वाकून, मुठी आवळून. दुपारपर्यंत त्यांचाच चेहरा लालबुंद. सगळं केंद्र त्यांना 'फूँकवाली दीदी' म्हणे. मी साताऱ्याची, फौजेतल्या नवऱ्यामागे लखनौला आलेली. मी त्यांची फुंकताई केली.

"राखून ठेवलेला दम कोणाच्या कामाचा?" असं त्या येता जाता म्हणायच्या. एकदा जुन्या चौक भागातले एक म्हातारे, चिकनच्या भरतकामाचे कारागीर, आले. बाईमाणसासमोर गाल फुगवून फुंकणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी रुमाल आडवा धरला आणि बशीतला चहा निववावा तेवढीच फुंकर घातली. ताई म्हणाल्या, "चचा, शराफ़त जूतों के साथ बाहर उतार आइए," आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. बाई दिसेनाशी झाल्यावर चचांनी अशी फुंक मारली की नाकाचा चिमटा उडाला. त्या दिवसापासून ताई सगळ्यांच्या पाठीमागेच उभ्या राहू लागल्या.

हीच बाई घरी कुजबुजल्यासारखं बोलते, हे मला त्यांच्याकडे जेवायला गेल्यावर कळलं. भाऊजी सरकारी नोकरीत, मूळचे दोघंही वर्ध्याचे. "अहो, वरण वाढू का?" एवढंसुद्धा त्या इतकं हळू विचारत की भाऊजी मान पुढे करत. लेक फणकारली, "मम्मी, ज़ोर से बोलो ना, यार." मीही चिडवलं. तर म्हणाल्या, "यांच्यासमोर माझा आवाज वर जातच नाही नं. माझ्या आईचंही असंच होतं. ओरडणं मला फक्त हिंदीतच येते."

मग भाऊजींच्या फुप्फुसात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून तेवढा भाग काढता येईल, पण उरलेल्या फुप्फुसात पुरेसा दम हवा. आधी फुंकण्याची चाचणी करून आणा. आकडा बरा आला तर ऑपरेशन, नाही तर नुसती औषधं. ताईंनी भाऊजींना सरळ आमच्याच केंद्रात आणलं. दुसऱ्या कोणावर त्यांचा भरवसा नव्हता.

मी दारात उभी होते. ताई पाठीमागे गेल्याच नाहीत, समोर उभ्या राहिल्या. "अहो, फुंका नं," म्हणाल्या, वरण वाढतानाच्या आवाजात. भाऊजींनी फुंकलं. त्यांना ठसका आला, डोळ्यांत पाणी आलं, तशी ताईंनी स्वतःच नळी काढून घेतली. "राहू द्या, राहू द्या." पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. पडद्यावर सगळ्या रेघा तुटक्या. दगडालाही फुंकायला लावेल अशी ही बाई, आणि नवऱ्याकडून एक धड रेघ निघेना. मला रडू आलं आणि रागही आला.

"तू कर," म्हणून त्या बाहेर गेल्या. पण माझा आवाज ईसीजीच्या खोलीतला. मी "फुंका भाऊजी" म्हणे आणि ते भिडस्तपणे माझ्याकडे बघून हसत. बाहेर ताईंच्या चपला व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत होत्या. मध्येच त्या थांबल्या. ताई आत आल्या, भाऊजींच्या मागे गेल्या आणि ओरडल्या. हिंदीत नाही, मराठीत. "फुंका. अजून. अजून. थांबायचं नाही, मी सांगते नं, थांबायचं नाही." बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दाराशी आली. भाऊजींची मान आखडली, ओठ निळसर झाले, पण रेघ शेवटपर्यंत गेली. दम खाऊ देत देत ताईंनी तीनदा फुंकायला लावलं. नळी काढल्यावर भाऊजी ओठ पुसत म्हणाले, "आवाज आहे की तुला."

आकडा कमी होता. ऑपरेशनला लागतो त्याच्या बराच खाली.

मी म्हटलं, "ताई, आज दमलेत ते. उद्या परत करू या."

ताईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. तिन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या. "उद्या काय वेगळं येणार? पूर्ण फुंकलंय त्यांनी. छातीत आता काही शिल्लक नाही." रिपोर्ट त्यांनी स्वतःच छापला आणि स्वतःच डॉक्टरांकडे नेऊन दिला.

औषधांवर थोडे महिने गेले. भाऊजींना गावी जावंसं वाटू लागलं, म्हणून दोघं वर्ध्याला परतले आणि भाऊजी तिथेच वारले. ताईंच्या खोलीत आता मी असते. भिंतीपलीकडची नवी ईसीजीवाली माझ्या नावानं खडे फोडते, फोडू दे.

परवा ताईंचा फोन आला. बोलताना त्या चालत होत्या, श्वासावरून कळत होतं. म्हणाल्या, "तेव्हा ओरडले ते बरंच झालं गं. नाही तर जन्मभर वाटलं असतं, त्यांनी नीट फुंकलं असतं तर ऑपरेशन झालं असतं."

मी म्हटलं, "खरंय ताई. तुम्ही काही बाकी ठेवलं नाहीत."

पलीकडे त्यांचं चालणं थांबलं.

"तरी वाटतेच," त्या म्हणाल्या. "रोज वाटते, अजून एकदा ओरडायला पाहिजे होतं."