पदराखालचा नेचा

"झाड कधी मरत नाई, मानूस कंटाळते," असं आमच्या बाई म्हणत. वाक्य कोरून ठेवण्यासारखं आहे. पण ते त्यांनी एका मनीप्लांटविषयी म्हटलं होतं आणि तो दुसऱ्याच दिवशी मेला.

बाई आर्णीच्या शेतकी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होत्या. मी शेजारच्या टेबलावर. कापसाची वाईट वर्षं चालू होती. लोक कपाशीची लाल पडलेली पऱ्हाटी पिशवीत घालून आणत, टेबलावर ठेवत आणि आमच्याकडे पाहत. आम्ही फाइलकडे पाहत असू. बाई आधी चहा सांगत.

खिडक्यांत त्यांच्या कुंड्या असत आणि त्याच टेबलावर लोणच्याची काचेची बरणी. तळाशी गिट्टी, वर कोळसा, माती, हापशीच्या ओट्यावरचं शेवाळ आणि मधोमध एक नेचा, विहिरीच्या कपारीत उगवतो तसला. झाकण बंद. आधीच्या बरण्या सडल्या होत्या. ही एकच जगली.

"पानी कायले टाकता? आतलंच काचेवर चढते अन् आतच पडते," बाई सांगत.

एका वर्षी पावसाने दगा दिला आणि पाहणीसाठी वरून पथक यायचं ठरलं. साहेबांनी कार्यालयात फेरी मारली.

"बाई, हे सगळं हिरवं गच्चीवर हलवा. पथकाला दुष्काळ दिसला पाहिजे."

"साहेब, दुष्काळ वावरात हाय. टेबलावर काहून पाह्यजे?"

"चर्चा नको."

कुंड्या गच्चीवर गेल्या. पण बंद बरणी त्या उन्हात ठेवली असती, तर संध्याकाळपर्यंत नेच्याची भाजी झाली असती. बाईंनी ती मांडीवर घेतली, वरून पदर ओढला आणि खुर्चीत बसून राहिल्या.

पथक आलं. आम्ही सगळे उभे राहिलो, बाई बसल्याच. साहेबांचा चेहरा पऱ्हाटीसारखा लाल झाला.

"गुडघे दुखतात त्यांचे," मी म्हणालो. पथकप्रमुख सहानुभूतीने वाकले आणि त्यांना पदराखाली काच दिसली.

"ये क्या है?"

"नेचा हाय साहेब. उनात मरन, म्हून घेतला."

प्रमुख बरणी फिरवून पाहत राहिले. साहेबांना दुष्काळ रद्द झाल्याचा भास होऊ लागला.

"बंद है, फिर भी जी रहा है?"

"जगून राह्यला ना! म्हून तं लपवला."

प्रमुखांनी बरणी स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली आणि पथक वावरं पाहायला गेलं.

गच्चीवरच्या कुंड्या वाळल्या. पण पुढच्या पावसाळ्यात बाईंनी त्या एका बरणीतून कार्यालयभर बरण्या केल्या. साहेबांच्या टेबलावरही एक आली. तिची धूळ पुसायला ते शिपायाला बोलावत नसत. स्वतःचा रुमाल काढत. पऱ्हाटी घेऊन आलेले लोक थबकत. एक आजोबा तर संकोचत म्हणाले, "बाई, मले बी एक करून द्याल काय? घरी म्हातारी दिवसभर भिंतीकडं पाह्यते."

बाईंनी करून दिली. महिन्याभराने आजोबा परत आले, तेव्हा पिशवीत पऱ्हाटी नव्हती. म्हातारीने दुसरी बरणी मागितली होती.

मग बाईंची उमरखेडला बदली झाली. एसटी स्टँडवर साहेबांनी भाषण केलं. "बाई जात नाहीत. त्या आपल्या मनामनांत रुजल्या आहेत." आमचे डोळे ओले झाले. बाईंनी एसटीत सावलीच्या बाजूची जागा धरली आणि शेजारच्या सीटवर ती मूळची बरणी ठेवली.

कंडक्टरने बरणीचं अर्धं तिकीट फाडलं.