मामांची सम

आमच्या बदलापूरच्या मामांचा उजवा तळवा कधी गप्प बसत नसे. जेवणाचं ताट, स्वतःची मांडी, भाच्यांची डोकी, सगळ्यांवर ठेका. कुकरची शिट्टी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडली की मामा "वा!" म्हणत आणि मामी आतून ओरडे, "वा काय? गॅस बंद करा!" घरात तबला होता म्हणून खानदानातले गाण्याचे जाणकार तेच. मीही त्यांच्याकडे तबला शिकायला जात असे. पुढे त्यांनीच मला बुद्धिबळ सुचवलं.

माझी मावसबहीण वीणा व्हायोलिन वाजवायची, पण उभी राहून, हनुवटीखाली धरून, साहेबी पद्धतीचं. पुढचं शिकायला तिला मुंबईला, साहेबी संगीत शिकवणाऱ्या एका बाईंकडे जायचं होतं. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं, "अंबरनाथला तुझ्या कार्यक्रमाला मामा येतील. ते हो म्हणाले तर जा. नाहीतर बी.कॉम. आहेच."

मामा आधीच घरी तिचा रियाज ऐकून गोंधळले होते. ते युरोपातलं जुनं रोमँटिक संगीत मध्येच रेंगाळे, मध्येच धावत सुटे.

"अगं, ठेका धरू कुठे? सम कुठाय ह्याची?"

"मामा, प्लीज धरू नका ना. तुमच्या थापेनं मी चुकते."

"बरं बाई. हातांवर बसतो."

आणि अंबरनाथच्या ऑफिसर्स क्लबात मामा खरंच पहिल्या रांगेत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पियानोवर मुंबईच्या त्या बाई, शेजारी वीणा. मागे मी, कपाळावर जाणकाराच्या आठ्या घालून. शेवटच्या रचनेत सूर चढत चढत गेले आणि एकदम थांबले. संपलं, असं समजून पहिली टाळी मी वाजवली. माझ्या मागोमाग अख्खा हॉल. वीणाच्या हातातला व्हायोलिनचा बो हवेतच राहिला, चेहरा उतरला.

मामा ताडकन उठले. तळवा वर. "अहो, थांबा! सम यायचीय!"

हॉल गप्प झाला. वीणानं मामांकडे पाहिलं, बाईंना मानेनं खूण केली आणि दोघींनी शेवटचा सूर असा टाकला, की त्याच क्षणी मामांचा तळवा खुर्चीच्या पाठीवर पडला.

बाहेर वीणाच्या वडिलांनी विचारलं, "मग?"

"पाठवा तिला, भाऊसाहेब. सम कुठाय ते पोरीला आधीपासून ठाऊक होतं. मलाच सापडायला शेवट उजाडला."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. वीणानं पाठवलेली एक कॅसेट माझ्याकडे आहे. तीच रचना. ती शांतता आली की मी अजूनही टेप बंद करायला उठतो. मग तो वर केलेला तळवा आठवतो, आणि मी परत खाली बसतो.