इसोगाईबाईंची उभी फेक

इसोगाईबाईंनी माझ्या व्हिडिओ गेमच्या मशीनचे तीन दांडे मोडले, हे आधीच सांगून टाकतो. लोक फक्त शेवटचं कौतुक ऐकतात आणि मला म्हणतात, "दोइ-सान, तुमच्या दुकानाचं नाव झालं." नाव झालं खरं. पण मोडलेले दांडे काढून नवे बसवले ते मीच.

आमागासाकीच्या बाजारगल्लीतल्या आमच्या गेम सेंटरच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं आहे. तामाए इसोगाई इथे पहिल्यांदा आल्या त्या खेळायला नव्हे, शौचालय कुठे आहे ते विचारायला. वय सत्तेचाळीस, दंड माझ्या मांडीएवढे. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं नोकरी. नऊशे मुलांचा रस्सा वल्ह्याएवढ्या पळीने ढवळायचा आणि साडेतीनला मोकळं व्हायचं. परत जाताना त्या एका मशीनसमोर थबकल्या. पडद्यावर एका धिप्पाड पैलवानाने समोरच्याला कवटाळलं, वर उचललं, गरगर फिरवलं आणि जमिनीवर आपटलं.

"हे कसं करतात?" बाईंनी विचारलं.

"मावशी, ते सोपं नाहीये."

"सोपं आहे का, असं विचारलंच नाही मी. कसं करतात ते सांगा."

सांगितलं. दांडा दोनदा पूर्ण गोल फिरवायचा आणि दुसरी फेरी संपता संपता बटण दाबायचं. गोम अशी, की दांडा वर गेला की पैलवान उडी मारतो, आणि हवेतून कुणाला धरता येत नाही. म्हणून शहाणी माणसं आधीच उडी मारतात आणि खाली येता येता दांडा फिरवून घेतात. जमिनीवर उभ्या उभ्या फेकायचं असेल तर पैलवानाचे पाय सुटायच्या आत सगळं उरकावं लागतं. त्याला आम्ही उभी फेक म्हणतो. आमच्या दुकानात ती कुणालाच धड जमत नव्हती.

"मग मला तीच हवी," बाई म्हणाल्या. "आधी उडी काय मारायची, चोरासारखी!"

आणि बसल्या. दांडा असा फिरवला, की खांद्यापासून सगळा हात गोल गोल आणि मशीन थरथर.

"अहो मावशी, रस्सा नाहीये तो! मनगटाने फिरवा, मनगटाने!"

पैलवान उडाला. पुन्हा फिरवला, पुन्हा उडाला. मागे उभी असलेली नेहमीची मंडळी पोट धरून हसत होती. तिसऱ्या दिवशी पहिला दांडा बुडातून मोडला आणि त्याच दिवशी बाईंचं नाव 'बेडूकबाई' पडलं. हे बारसं केलं उचिबोरी-सान यांनी.

उचिबोरी-सान म्हणजे निवृत्त बसचालक, वय एकाहत्तर, आमच्या दुकानातले सगळ्यात चिवट खेळाडू. त्यांचा योद्धा सडपातळ, हातात तलवार. खेळणाऱ्या दोघांची मशीनं पाठीला पाठ लावून ठेवलेली, त्यामुळे समोरचा माणूस दिसत नाही, दिसलेच तर त्याचे केस. हरला तो उठतो, जिंकला तो बसून राहतो. आणि खेळ चालू असताना पलीकडे जाऊन कुणी कुणाचं तोंड बघत नाही. तसं करणं म्हणजे भांडण काढणं.

बोलायचं असेल ते वहीत लिहायचं. काउंटरजवळ दोरीने बांधलेली एक वही आहे, तीत सगळे आपलं गाऱ्हाणं, बढाई, टोमणे लिहितात. बाई रोज एकच ओळ लिहायच्या. 'आज अकरा वेळा उडाले.' 'आज नऊ वेळा उडाले.' एके दिवशी त्याखाली उचिबोरी-सान यांचं कोरीव अक्षर दिसलं: 'बेडूकबाई ज्या दिवशी मला उभी फेक मारतील, त्या दिवशी मी खेळ सोडून उठेन, पलीकडे जाईन आणि कमरेत वाकेन. तोवर बसून आहे.'

बाईंनी ते वाचलं. कान लाल झाले होते.

मी त्यांना एक जुना दांडा फळीवर ठोकून दिला. मूठ आवळायची नाही, दांड्याची मान दोन बोटांत सैल धरायची, एवढं शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत त्या रस्स्याच्या पातेल्याशेजारी बसून तो फिरवायच्या. स्वयंपाकघरातल्या बाया म्हणायच्या, "तामाए-सान, कॉफी दळताय का?" त्या म्हणायच्या, "हो, उचिबोरींसाठी." वर्षभराने, समोर कुणी खेळत नसताना, दहातल्या सात फेका लागायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा माझ्याच घरात कुणी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

पण उचिबोरी-सान यांच्यापुढे एकही नाही. बाईंनी दांडा फिरवला की त्यांचा तलवारवाला नेमका हवेत. पैलवान मोकळ्या हवेला मिठी मारायचा आणि वरून तलवार पडायची.

"मनातलं कळतं की काय म्हाताऱ्याला?" बाई वैतागून म्हणायच्या.

मला कारण माहीत होतं. पण काउंटरवरच्या माणसाने बाजू घ्यायची नसते. एकोणीस वर्षांत हा नियम मोडावासा वाटला तो फक्त तेव्हा.

एके दुपारी बाई काउंटरवर आल्या. "दोइ-सान, आज पातेल्याकडे न बघताच मी ओरडले, खाली लागतंय म्हणून. आवाजावरून कळतं मला. तेव्हा डोक्यात आलं. माझा दांडा पलीकडे ऐकू जातो ना?"

"मी काउंटरवरचा माणूस. मला काय माहीत?" असं म्हणून मी पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसायला घेतलं.

"कळलं," बाई म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या.

दांड्याखाली चौकोनी भोकाची पट्टी असते. गोल फिरवला की दांडा चारही कोपऱ्यांवर आपटतो. दोन फेऱ्यांची ती खडखड ऐकली की उचिबोरी-सान उडी मारत. पंचेचाळीस वर्षं बसचं इंजिन कानाने ओळखलेला माणूस तो! बाईंनी दोन महिने आवाज न करता फिरवायचा प्रयत्न केला. आवाज गेला, पण फेकही गेली. वहीत पुन्हा तेच, 'आज चौदा वेळा उडाले.'

आणि मग उचिबोरी-सान यांनी वहीत लिहिलं, की ते तोकुशिमाला लेकीकडे कायमचे राहायला चालले आहेत. हा रविवार शेवटचा.

रविवारी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी पाच डाव जिंकेल तो जिंकला, असं ठरलं. बघता बघता उचिबोरी-सान चार, बाई दोन. सातव्या डावात बाईंचा पैलवान अर्धमेला झाला, समोरचा जवळपास धडधाकट.

तेव्हा बाईंनी दांडा फिरवला, अगदी पूर्वीसारखा, धडाधड आवाज करत. तलवारवाला उडाला. पण पैलवान जागचा हललाच नाही, कारण बाईंनी दांडा वरपर्यंत न नेता खालच्या खाली खडखडवला होता. त्यांनी नुसता वार अडवला.

पुन्हा खडखड. तलवारवाला पुन्हा उडाला, पुन्हा फुकट.

पलीकडून आवाज आला, "काय हो बेडूकबाई, दांडा बिघडला का?"

"दांड्याचं दोइ-सान बघतील. तुम्ही तुमचं बघा!"

तिसऱ्यांदा खडखड झाली. आता मात्र म्हातारा फसणार नव्हता. तलवारवाला पाय रोवून जमिनीवर उभा राहिला.

आणि या वेळची खडखड खरी होती. दोन फेऱ्या, बटण. पैलवानाने त्याला कवटाळलं, वर नेलं, गरगर फिरवलं आणि आपटलं. मशीनच्या आतून ढगासारखा गडगडाट झाला. उभी फेक! मी काउंटरवरून ओरडलो. बाजू घ्यायची नसते वगैरे सगळं त्या क्षणी विसरलो, आणि त्याची लाज मला आजही वाटत नाही.

तलवारवाला अजून जिवंत होता, डाव संपला नव्हता. पण पलीकडे स्टूल सरकलं. उचिबोरी-सान उठले, मशीनला वळसा घालून आले आणि बाईंसमोर कमरेत वाकले. पडद्यावर त्यांचा योद्धा एकटाच उभा. बाईंना एक ठोसा पुरला नसता, पण दहा मारायला वेळ होता. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग उठून त्याही वाकल्या.

"आवाज तर तोच होता," उचिबोरी-सान म्हणाले.

"तुमच्यासाठीच ठेवला होता तो, दोन वर्षं."

घड्याळ शून्यावर आलं. जीव जास्त उरला होता म्हणून मशीनने डाव आणि सामना उचिबोरी-सान यांच्या नावावर टाकला. पडद्यावरचं ते नाव कुणी वाचलंही नाही.

गर्दी पांगल्यावर बाई वहीपाशी गेल्या आणि रोजच्या जागी रोजच्यासारखी एक ओळ लिहून घरी निघाल्या. मी दोरी ओढून वही जवळ घेतली.

'आज एकदा उडाले नाही.'