आभाळाचं लुगडं

मन्नाएखेळ्ळीच्या रानात तूर खुरपताना ती बाई एकदाच भेटली. नाव इचारायचं ऱ्हायलंच. माझी लेक सातव्या महिन्यातच जन्मलेली, कापसावानी हलकी. जगंल असं कुणी म्हणत नव्हतं. मी लिंबाला लुगड्याची झोळी बांधली. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवत्यात, तसा त्या बाईनं झोळीत बांधावरचा दगड निजवला. मग तो काढून लेकीला ठेवलं, अन् खालून हळूच तळवा लावून बघत बसली.

"अक्का, आभाळ बी असलंच लुगडं हाय. सूर्य जड, म्हणून तिथं खोल पडलंय. धरती त्याच खोलात गोल घुमायलीय."

"माझी तर हलकीच हाय की गं."

"मग ह्ये लुगडं कामून वाकलंय?"

लेक जगली. आता तिच्या दारात पाऊल टाकलं की भुईचा उतार तिच्याकडंच लागलाय, असं वाटतंय.