सभासदांचा सत्कार

भोपाळच्या टाउनशिपमध्ये सुचेताला सगळे ‘देवधर इंजिनिअरांची मिसेस’ म्हणूनच ओळखत. घर सांभाळून तिने अर्थशास्त्रात पीएच.डी. केली, आणि विषय घेतला याच क्वार्टरांतल्या बायकांचं बिनपगारी काम. माहिती गोळा करत ती दारोदार हिंडली, तर जो तो नवरा सांगे, "आमची ही काही करत नाही, घरीच असते." चहा घेऊन आलेली ‘ही’ मान डोलवायची, आणि सुचेता दातओठ खात ते लिहून घ्यायची.

डिग्री मिळाल्यावर मराठी मंडळाने गणपतीत सत्कार ठेवला. मंडळाची जुनी रीत अशी, की शाल-नारळ सभासदालाच द्यायचा, आणि सभासद म्हणजे कारखान्यात नोकरी करणारा. अध्यक्षांनी देवधरांना वर बोलावलं आणि शाल त्यांच्या खांद्यावर घातली. देवधर खुशाल हात जोडून उभे राहिले.

सुचेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक स्टेजवर चढली आणि तिने अध्यक्षांच्या हातातला माइक ओढून घेतला. पंडालमागे बायका महाप्रसादाच्या पुऱ्या तळत होत्या. तिने त्यांनाच हाक मारली.

"बायांनो, भट्ट्या विझवा आणि पुढे येऊन बसा. आपण काही करत नाही. पुऱ्या सभासद तळतील."